दाद न देणाऱ्या जंतूंचा हिशेब: नमुन्यापासून अँटिबायोग्रामपर्यंत

दर जानेवारीत जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडच्या कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेतून मला एक एक्सेल फाइल येते. सोबत निरोप असतो, "सर, अँटिबायोग्राम तयार झालाय, एकदा नजर टाका, भिंतीवर लावायचाय." अँटिबायोग्राम म्हणजे कुठला जंतू कुठल्या अँटिबायोटिकला किती टक्के रुग्णांत दाद देतो, याचा वर्षाचा तक्ता. फाइल उघडली की त्याच त्या गोष्टी दिसतात. आयसीयूतल्या एका रुग्णाचे सात कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून पाहण्याच्या तपासण्या) सात रुग्ण म्हणून मोजलेले असतात. ज्या औषधाची चाचणी डिस्कने, म्हणजे औषध लावलेल्या कागदी चकतीने, करताच येत नाही, त्याच्यापुढे ठसठशीत 'सेन्सिटिव्ह' (जंतू दाद देतो) लिहिलेलं असतं. आठ रुग्णांवरून टक्केवारी काढलेली असते, तीही दशांश चिन्हापर्यंत.

चाचणी करणारे हात बहुतेक ठिकाणी चांगले आहेत. घोटाळा होतो तो नमुना प्रयोगशाळेत येण्याआधी आणि निकाल लिहून झाल्यानंतर. त्यामुळे या लेखाचा भर तिथेच आहे. ज्यांच्याकडे कल्चरची सोय आहे त्यांनी सगळं वाचावं. ग्रामीण रुग्णालयातून फक्त नमुने पाठवणाऱ्यांना दुसरा आणि तिसरा टप्पा पुरे. क्षयरोगाचा विचार इथे केलेला नाही. त्याची औषधप्रतिरोधाची नोंद निक्षय या क्षयरोगाच्या सरकारी पोर्टलवर वेगळी होते, ती या फाइलीत मिसळू नका.

## टप्पा १: एक नमुना घेण्याआधीची तयारी

१.१ काय मोजायचं ते ठरवा. सगळे जंतू आणि सगळी औषधं मोजायला गेलात तर मार्चपर्यंत दम निघतो. सुरुवातीला रक्त आणि लघवी हे दोनच नमुने घ्या. पू आणि थुंकी नंतर जोडता येतात. जंतूंची यादी मात्र पक्की हवी: ई. कोलाय, क्लेबसिएला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, एन्टेरोकॉकस, स्युडोमोनास, असिनेटोबॅक्टर आणि टायफॉइड-पॅराटायफॉइडचा साल्मोनेला. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या नार्स-नेट या औषधप्रतिरोधावर लक्ष ठेवणाऱ्या प्रयोगशाळांच्या जाळ्यातही हे जंतू अग्रक्रमाचे आहेत, त्यामुळे उद्या तुमची माहिती वर पाठवायची वेळ आली तरी यादी बदलावी लागत नाही.

१.२ प्रत्येक जंतूसाठी डिस्कचा ठरलेला संच ठेवा. आज एक कंपनी, उद्या दुसरी, कपाटात उरलेलं काही परवा, असं चाललं तर वर्षअखेरीला एका औषधाचे ९० निकाल हाती येतात आणि दुसऱ्याचे ११. संच कागदावर लिहून इन्क्युबेटरच्या (जंतू वाढवायच्या उबदार पेटीच्या) दारावर चिकटवा.

१.३ डिस्कची साठवण. मुख्य साठा उणे २० अंशांवर, रोजच्या वापरापुरता २ ते ८ अंशांवर आणि सिलिका जेलसोबत. फ्रीजमधून काढलेली डबी लगेच उघडू नका. तासभर तरी बंदच बाहेर ठेवा, नाहीतर आतल्या डिस्कवर दव धरतं. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनसारख्या औषधांच्या) गटाच्या डिस्क ओलाव्याने सगळ्यात आधी मरतात. मग झोन, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, लहान येतो आणि जंतू नसलेला प्रतिरोध दाखवतो.

१.४ इन्क्युबेटर. इथे थोडं थांबा. पुण्या-मुंबईत लिहिलेल्या सूचनांमध्ये ही गोष्ट नसते, कारण त्यांना ती सोसावी लागत नाही. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. खोलीत एसी नसेल किंवा दुपारी वीज गेली असेल, तर खोलीच ४० वर असते. अशा खोलीत ३५ वर लावलेला इन्क्युबेटर ३५ वर राहील कसा? बाहेरच्या काट्यावर काय दिसतं यावर जाऊ नका, आत ठेवलेला थर्मामीटर वाचा.

हे मी ठेच खाऊन शिकलो आहे. एका उन्हाळ्यात आमच्याकडे एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जवळजवळ दिसेनासा झाला. हात धुण्याच्या मोहिमेचं यश म्हणून मी मीटिंगमध्ये ते कौतुकाने सांगितलंही. जुलैत तो पुन्हा हजर. शोध घेतल्यावर कळलं की दुपारच्या वेळी इन्क्युबेटरच्या आत ३९ अंश होत होते. ३५ च्या वर तापमान गेलं की स्टॅफिलोकॉकसमधला मेथिसिलिनचा प्रतिरोध लपू शकतो, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं, पण माझ्या खोलीला ते लावून पाहिलं नव्हतं.

> तपासा: इन्क्युबेटरच्या आतलं तापमान रोज सकाळी आणि दुपारी ३ वाजता, अशी दोनदा नोंद. फक्त सकाळची नोंद उन्हाळ्यात काही कामाची नाही. शक्य असेल तर मार्च ते जूनसाठी कूलिंगवाला इन्क्युबेटर किंवा खोलीला इन्व्हर्टरवरचा एसी मागा. मागणीपत्राला तापमानाची वही जोडा.

१.५ एक माणूस नेमा. वही, संगणक आणि वर्षाचा तक्ता यांचा धनी एकच असावा. तो रजेवर असताना काम कोण पाहणार, तेही लिहून ठेवा.

## टप्पा २: नमुना

२.१ पहिला डोस की पहिला नमुना? आधी नमुना. इंजेक्शन देऊन झाल्यावर घेतलेलं रक्त बऱ्याचदा 'नो ग्रोथ' देतं. तरीही जे उगवतं ते बहुतेकदा दिलेल्या औषधाला दाद न देणारंच असतं. म्हणजे आकडे दोन्हीकडून बिघडतात. डोस आधी गेलाच असेल तर नमुना टाळू नका, पण औषधाचं नाव आणि वेळ फॉर्मवर लिहा.

२.२ रक्त. मोठ्या माणसाला दर बाटलीत ८ ते १० मिली, आणि दोन वेगवेगळ्या जागांहून दोन संच. व्यवहारात येतं ते ३ मिली, एकाच हातातून, तेही सलाईनच्या नळीतून. त्वचेवर अल्कोहोल किंवा क्लोरहेक्सिडिन लावून ते वाळू द्या. पुसून लगेच सुई घालणं म्हणजे निर्जंतुकीकरणाचं नाटक. बाटलीच्या रबरी बुचावरही अल्कोहोल लागतं, ते विसरलं जातं.

एकाच बाटलीत त्वचेवरचा कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस उगवला, तर तो बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो. तो तक्त्यात घेऊ नका, पण मोजा जरूर. अशा दूषित बाटल्या १०० मागे ३ पेक्षा जास्त असतील तर रक्त काढणाऱ्यांना पुन्हा शिकवण्याची वेळ आली आहे.

२.३ लघवी. मधल्या धारेची, निर्जंतुक डबीत. कॅथेटर असेल तर नळीतून सुईने, पिशवीतून कधीच नाही. पिशवीत काय काय वाढलेलं असतं याचा रुग्णाच्या आजाराशी काही संबंध नसतो.

२.४ पू. शक्य तिथे सिरिंजने ओढलेला पू. कापसाच्या बोळ्यावरचा नमुना अगदीच नाइलाज म्हणून. जुन्या उघड्या जखमेच्या वरच्या थरावरून बोळा फिरवला की कातडीवरचं सगळं वऱ्हाडच प्लेटवर येतं.

२.५ प्रवास. खानदेशात निम्मी चूक इथे होते. धडगाव किंवा मोलगीहून घाट उतरून नंदुरबारला येईपर्यंत दोन तास सहज जातात, आणि लघवी बाहेरच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवायची नसते. जंतू दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होतात, मग शंभरांचे लाख व्हायला वेळ लागत नाही. लघवी २ ते ८ अंशांवर २४ तासांपर्यंत चालते. लसीच्या डब्यासारखा डबा वापरा, पण लसीचाच डबा नको.

रक्ताची बाटली आणि पाठीच्या कण्यातलं पाणी यांचा नियम नेमका उलटा आहे. ते कधीही फ्रीजमध्ये नाही. एकदा एका ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर काळजीपोटी म्हणाली, "फ्रीजमा ठी दिन्ही, खराब व्हवाले नको म्हनीसन." बर्फावर आलेल्या त्या बाटलीतून काहीच उगवलं नाही. चूक तिची नव्हती. लघवीची आणि रक्ताची सूचना एकाच कागदावर, एकाच रंगात छापलेली होती. आम्ही नंतर दोन वेगळे कागद केले: लघवीचा निळा, रक्ताचा लाल. तेव्हापासून ही भानगड थांबली.

> खबरदारी: 'फ्रीज नको' याचा अर्थ 'ॲम्ब्युलन्सच्या डॅशबोर्डवर चालेल' असा नाही. मे महिन्यात काचेमागे बाटली शिजते. थर्माकोलच्या डब्यात, बर्फाशिवाय, सावलीत ठेवा.

## टप्पा ३: फॉर्म आणि ओळख

नमुन्यासोबत येणारा कागद हा नमुन्याइतकाच मोलाचा. या सात गोष्टी नसतील तर पुढचा हिशेब जुळत नाही:

1. रुग्णाचा कायम नोंदणी क्रमांक
2. वय आणि लिंग
3. तालुका आणि गाव
4. वॉर्ड: ओपीडी, जनरल, आयसीयू, नवजात कक्ष
5. दाखल झाल्याची तारीख
6. नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ (प्रयोगशाळेत पोचल्याची वेगळी)
7. गेल्या काही दिवसांत घेतलेली अँटिबायोटिक्स

पहिल्या मुद्द्यावर थोडं बोलायला हवं. आपल्याकडे नावावरून माणूस ओळखायचा म्हणजे कठीण. जळगावच्या कुठल्याही वॉर्डात 'पाटील' म्हणून हाक मारा, चार खाटांवरून उत्तर येईल. नंदुरबारला वळवी, वसावे, पावरा यांचं तेच. त्यातच एक जण नाव मराठीत लिहितो, दुसरा इंग्रजीत, तिसरा 'भाऊ' जोडतो. संगणकाच्या लेखी ते तीन रुग्ण. मोबाइल नंबरवर विसंबलात तर उलटा घोळ होतो, कारण अख्ख्या घराचा एकच नंबर असतो, तोही सुरतला कामाला गेलेल्या मुलाचा. त्यामुळे केसपेपरचा क्रमांक हाच खरा. रुग्ण पुन्हा दाखल झाला तर त्याचा जुना क्रमांक शोधायची सवय नोंदणी खिडकीला लावून घ्यावी लागेल. यासाठी मला तीन मीटिंगा लागल्या, तुम्हाला कदाचित दोन पुरतील.

पाचवा आणि सहावा मुद्दा एकत्र लागतो. दाखल होऊन दोन दिवस उलटल्यावर घेतलेल्या नमुन्यातला जंतू 'रुग्णालयात लागलेला' धरतात, त्याआधीचा 'घरून आलेला'. दाखल तारीख नसेल तर हे दोन गट वेगळे करताच येत नाहीत, आणि दोघांची सरासरी काढून कुणाचंच भलं होत नाही.

> तपासा: सोमवारी गेल्या आठवड्याचे २० फॉर्म काढा. सातही रकाने भरलेले किती? १५ पेक्षा कमी असतील तर नमुने परत पाठवू नका, वॉर्डला फोन करून त्याच दिवशी रकाने भरून घ्या. नमुना परत पाठवला की पुढच्या वेळी तो येतच नाही.

## टप्पा ४: प्रयोगशाळेत

हा भाग तुम्हाला येतो, म्हणून फक्त जिथे पाय घसरतो तेवढंच सांगतो.

४.१ लघवीची मोजणी. १ मायक्रोलिटरच्या लूपने १०० वसाहती म्हणजे मिलीला १ लाख. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र उगवले तर तो दूषित नमुना. त्यातला एक निवडून सेन्सिटिव्हिटी लावू नका.

४.२ डिस्कची पद्धत. म्युलर-हिंटन अगार (जंतू वाढवायचं माध्यम) ४ मिमी जाड. पातळ प्लेटवर झोन फुगतो, जाड प्लेटवर आक्रसतो. जंतूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंडचं (हे गढूळपणाचं माप), आणि ते १५ मिनिटांत वापरा. मॅकफार्लंड डोळ्यांनी पाहायचं असेल तर मागे काळ्या रेघांचा कागद धरा, खिडकीकडे धरून अंदाज करू नका. १०० मिमीच्या प्लेटवर ५ पेक्षा जास्त डिस्क नकोत. १६ ते १८ तासांनी मोजा, मिमीमध्ये, पट्टीने किंवा कॅलिपरने.

४.३ या तीन गोष्टी डिस्कने होत नाहीत. कोलिस्टिनची डिस्क लावू नका. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी व्हॅन्कोमायसिनची डिस्क लावू नका. आणि त्याच जंतूत एमआरएसए ओळखायला ऑक्सासिलिनची डिस्क लावू नका, त्यासाठी ३० मायक्रोग्रॅमची सेफॉक्सिटिन वापरा: २२ मिमी किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह, २१ किंवा कमी म्हणजे एमआरएसए. कोलिस्टिनला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन लागतं, म्हणजे औषधाच्या कमी-जास्त मात्रांच्या द्रवात जंतू वाढवून पाहणं. ते जमत नसेल तर रकाना कोरा ठेवा. कोरा रकाना कुणाचा जीव घेत नाही, खोटा 'सेन्सिटिव्ह' घेऊ शकतो.

४.४ प्रमाण जंतू, म्हणजे ज्यांचा निकाल काय यायला हवा ते आधीच ठाऊक असतं ते. ई. कोलाय २५९२२, स्टॅफिलोकॉकस ऑरियस २५९२३, स्युडोमोनास २७८५३. हे तीन एटीसीसी (अमेरिकेतला जंतूंचा संग्रह) स्ट्रेन आठवड्यातून एकदा लावा, शिवाय डिस्कची नवी खेप उघडली की लगेच. उदाहरणार्थ, २५९२२ वर जेंटामायसिनचा झोन १९ ते २६ मिमी यायला हवा. १७ आला तर त्या दिवशीचे रुग्णांचे जेंटामायसिनचे निकाल थांबवा. 'आजचा दिवस जाऊ दे' म्हणणाऱ्याला वर्षाचा तक्ता करायला बसवा, म्हणजे त्याला कळेल.

४.५ अशक्य निकाल ओळखा. क्लेबसिएला ॲम्पिसिलिनला दाद देतोय? जंतूची ओळख चुकली आहे किंवा प्लेटवर दोन जंतू आहेत. प्रोटियस नायट्रोफ्युरँटॉइनला दाद देतोय? तेच. साल्मोनेलावर जेंटामायसिनचा झोन मोठा दिसेल, पण शरीरात ते काम करत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये 'सेन्सिटिव्ह' लिहायचंच नाही. व्हॅन्कोमायसिनला अजिबात न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस मिळाला तर आनंदाने किंवा भीतीने तो पक्का निकाल म्हणून सांगण्याआधी पुन्हा शुद्ध वसाहतीपासून सगळं करा.

## टप्पा ५: संगणकात नोंद

व्हॉनेट हे सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, त्यासाठीच बनवलंय, आणि नार्स-नेटपासून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ग्लास या औषधप्रतिरोधाच्या जागतिक नोंदणीपर्यंत सगळीकडे ते चालतं. एक्सेलवर प्रेम असेल तर ते हिशेबाच्या इतर कामांसाठी राखून ठेवा.

५.१ झोन मिमीमध्ये भरा, एस-आय-आर (सेन्सिटिव्ह, इंटरमीडिएट, रेझिस्टंट) नाही. ही या लेखातली सगळ्यात न पाळली जाणारी सूचना आहे, म्हणून कारण सांगतो. निकष बदलतात. मेरोपेनेमचा १८ मिमी झोन २०१० पूर्वीच्या सीएलएसआय (चाचण्यांचे निकष ठरवणारी अमेरिकन संस्था) निकषानुसार ई. कोलायसाठी सेन्सिटिव्ह होता, कारण १६ किंवा त्याच्या वर सगळं चालायचं. नंतर सेन्सिटिव्हची रेघ २३ वर गेली आणि १९ किंवा त्याखालचं रेझिस्टंट ठरलं. तुम्ही '१८' लिहिलं असेल तर संगणक नव्या निकषाने पुन्हा वाचून दाखवतो. फक्त 'एस' लिहिलं असेल तर ती नोंद कायमची खोटी राहते. काही खासगी रिपोर्टवर अजूनही 'प्लस प्लस प्लस' अशी खूण येते. तीन प्लस म्हणजे किती मिमी, हे देवालाच ठाऊक.

५.२ लावलेली प्रत्येक डिस्क भरा. डॉक्टरांना दिलेल्या रिपोर्टवर वरच्या फळीतली औषधं झाकलेली असू शकतात, ते योग्यच आहे. पण फाइलीत सगळं हवं. याचीच दुसरी बाजू: काही ठिकाणी साध्या औषधांना जंतू दाद देत असेल तर मेरोपेनेमची डिस्क लावतच नाहीत, फक्त हट्टी जंतूंना लावतात. पैसे वाचतात, पण मग मेरोपेनेमची टक्केवारी फक्त हट्टी जंतूंची असते. ती तक्त्यात सगळ्यांची म्हणून छापली की रुग्णालय आहे त्याहून भयानक दिसतं. जे औषध सगळ्यांना लावलं नाही, ते तक्त्यात नको.

५.३ 'नो ग्रोथ'ही भरा. १०० रक्तांतून किती उगवलं हे कळायला न उगवलेलेही मोजावे लागतात.

५.४ तारखा. संगणकाची सेटिंग महिना-आधी असेल तर ५ जूनची नोंद ६ मे होते. आणि १२ तारखेनंतरच्या नोंदी बरोबर दिसत असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. पहिल्याच दिवशी सेटिंग बघा.

५.५ रोज नाही जमलं तर आठवड्याला भरा. महिन्याने भरायला बसलात की वहीतलं अक्षर तुमचं तुम्हालाच वाचता येत नाही. दर शुक्रवारी पेन ड्राइव्हवर प्रत घ्या आणि तो दुसऱ्या खोलीत ठेवा. बाहेर पाठवायच्या फाइलीतून नाव आणि मोबाइल काढून टाका.

## टप्पा ६: आकडे स्वच्छ करणं

तक्ता काढायचं बटण दाबायला एक मिनिट लागतं. त्याआधीची ही कामं करायला दोन दिवस लागतात, आणि खरं काम तेच.

६.१ दर रुग्णाचा, दर जंतूचा, वर्षातला पहिलाच निकाल धरा. समजा वर्षात क्लेबसिएलाचे ५२ निकाल आले. त्यातले १८ निकाल आयसीयूतल्या चारच रुग्णांचे, आणि ते सगळे मेरोपेनेमला दाद न देणारे. उरलेल्या ३४ रुग्णांपैकी २४ जणांचा जंतू दाद देणारा. सरसकट मोजलं तर ५२ पैकी २४, म्हणजे ४६ टक्के. रुग्णनिहाय मोजलं तर ३८ पैकी २४, म्हणजे ६३ टक्के. तेच वर्ष, तेच जंतू, तीच प्लेट, आणि १७ टक्क्यांचा फरक. ४६ बघून डॉक्टर मेरोपेनेम सोडून शेवटच्या फळीतल्या कोलिस्टिनकडे वळतात. चार माणसं सतरा वेळा तपासली किंवा अठरा वेळा, त्यावरून तालुक्याचं औषध बदलावं का?

व्हॉनेटमध्ये 'पहिला निकाल' असा पर्याय निवडता येतो. पण तो नोंदणी क्रमांकावर चालतो. तिसऱ्या टप्प्यात हयगय झाली असेल तर इथे हे बटण काही करू शकत नाही.

६.२ तपासणीसाठी म्हणून घेतलेले नमुने काढा. नाकातले बोळे, गुदद्वाराचे बोळे, ऑपरेशन थिएटरच्या भिंती, पाण्याचे नमुने. आजारी माणसाच्या निदानासाठी घेतलेलाच नमुना तक्त्यात. नवापूरच्या पोल्ट्रीतून किंवा एखाद्या गोठ्यातून कुणी नमुने आणले तर त्यांची वेगळी फाइल करा. तो प्रश्न फार मोठा आहे, अन्न देणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली ती उगाच नाही, पण माणसांच्या टक्केवारीत कोंबड्या मिसळून तो सुटणार नाही.

६.३ तीसचा नियम. एखाद्या जंतूचे ३० पेक्षा कमी रुग्ण असतील तर टक्केवारी काढू नका. १० रुग्णांत एक माणूस इकडचा तिकडे झाला की १० टक्के हलतात. लहान रुग्णालयात एन्टेरोकॉकस वर्षाला ३० होतच नाहीत. मग दोन वर्षं एकत्र करा आणि तसं तळाशी लिहा, किंवा नुसती संख्या द्या: '१२ पैकी ९'.

६.४ ओपीडी, वॉर्ड, आयसीयू वेगळे. प्रत्येकात ३० होत असतील तरच.

६.५ 'इंटरमीडिएट', म्हणजे अधलामधला निकाल, सेन्सिटिव्हमध्ये मिळवू नका. तक्त्यात फक्त सेन्सिटिव्हची टक्केवारी येते.

> तपासा: एका जंतूचे सगळे निकाल हाताने मोजा आणि संगणकाच्या आकड्याशी ताडून पाहा. एकच जंतू, एकच औषध, अर्धा तास. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: आकडा वाचताना

आपल्याकडे लघवीचं कल्चर कधी मागतात? गावातल्या डॉक्टरांनी दोन कोर्स देऊन झाले, मेडिकलवाल्याने तिसरा दिला, तरी जळजळ जात नाही, तेव्हा. पहिल्याच गोळीला बरी झालेली बाई प्रयोगशाळेत येतच नाही. म्हणून तुमच्या तक्त्यातला ई. कोलाय हा चाळीसगावातल्या सगळ्या बायकांचा ई. कोलाय नाही. तो उपचार फसलेल्यांचा आहे. 'खानदेशात इतके टक्के प्रतिरोध' असं वर्तमानपत्राला सांगण्याआधी हे आठवा. तुम्ही सांगू शकता ते एवढंच: या रुग्णालयात, या वर्षी, कल्चर पाठवलेल्या इतक्या रुग्णांत.

गेल्या वर्षीशी तुलना करताना तीन गोष्टी विचारा. डिस्कची कंपनी बदलली का? निकषांची आवृत्ती बदलली का? नवं आयसीयू सुरू झालं का? तिघांचं उत्तर 'नाही' असेल तरच जंतू बदलला म्हणा.

## टप्पा ८: वर्षअखेरीची वाट न बघता कळवायचं ते

तक्ता वर्षातून एकदा, पण काही निकाल त्याच दिवशी फोनवर सांगायचे असतात:

1. सेफ्ट्रिॲक्सोनला दाद न देणारा टायफॉइडचा जंतू. सिंधमध्ये २०१६ पासून असा टायफॉइड पसरलेला आहे, त्यामुळे आपल्याकडे एक जरी रुग्ण दिसला तरी गंभीर.
2. व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस.
3. एकाच वॉर्डात पंधरा दिवसांत एकाच जातीचे, त्याच त्या औषधांना प्रतिरोध दाखवणारे तीन किंवा जास्त जंतू. नवजात कक्षात दोन पुरे.
4. कुठलाही कॉलरा, औषधाला दाद देत असो वा नसो.

क्रम असा ठेवा. आधी शुद्ध वसाहतीवर चाचणी पुन्हा लावा. ती चालू असतानाच वॉर्डच्या डॉक्टरांना 'तात्पुरता निकाल' म्हणून सांगा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मग जंतू ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांवर जपा. तेवढा फ्रीझर नसेल तर तिरप्या अगारवर घेऊन तिहेरी वेष्टनात लगेच संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवा. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पहिला फोन तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला. त्यानंतर रुग्णालयाची संसर्ग नियंत्रण समिती. टायफॉइड, कॉलरासारख्या साथीच्या आजारांत जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना कळवा आणि आयएचआयपी या साथरोगांच्या सरकारी पोर्टलवर प्रयोगशाळेचा एल फॉर्म भरा.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे जंतू फेकून देणं. 'तो विचित्र निकाल' पंधरा दिवसांनी कुणी विचारला तर प्लेट ऑटोक्लेव्ह होऊन गेलेली असते. मग आपण आणि आपली वही, दुसरा साक्षीदार नाही.

> खबरदारी: फोनवर कळवलं तरी वहीत लिहा: कुणाला, किती वाजता, काय सांगितलं.

## टप्पा ९: तक्ता वॉर्डात परत

एकच पान. वर रुग्णालय, कालावधी, निकषांची आवृत्ती. डावीकडे जंतू आणि त्यापुढे रुग्णांची संख्या. वरच्या ओळीत औषधं. घरांमध्ये सेन्सिटिव्हची टक्केवारी, दशांशाशिवाय. जे औषध त्या जंतूवर मुळातच चालत नाही तिथे रेघ मारा, शून्य नाही. रंग दोनच पुरे. सात रंगांचा तक्ता मी एकदा केला होता, आणि सगळ्यांनी रंगांचंच कौतुक केलं.

लावताना मेडिसिन आणि स्त्रीरोग विभागाच्या राउंडमध्ये दहा मिनिटं मागून घ्या आणि एकच प्रश्न विचारा: "आपल्या ओपीडीत लघवीच्या संसर्गाला पहिली गोळी कुठली लिहिता?" त्या गोळीचा आकडा तक्त्यावर बोट ठेवून दाखवा. बाकीचं पान ते नंतर वाचतील. जे ग्रामीण रुग्णालय किंवा आरोग्य केंद्र तुम्हाला वर्षभर नमुने पाठवतं, त्यालाही एक प्रत पाठवा, सोबत त्यांचे किती नमुने आले आणि किती वाया गेले तेही. पुढच्या महिन्यात त्यांचे फॉर्म जास्त भरलेले येतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव.

नवा तक्ता लावताना जुना काढून आणा. दोन्ही शेजारी लटकत राहिले तर सगळे जुनाच वाचतात, कारण चांगला, डोळ्यांच्या उंचीवरचा खिळा त्याने आधीच पकडलेला असतो.